भित्री गाडी आणि कूलरचा पॉइंट

कूलरला करंट येणं हे आमच्या मनीषनगरच्या घरात उन्हाळ्याचंच एक लक्षण मानलं जायचं. पत्र्याचा मोठा कूलर पोर्चमध्ये, खिडकीला लागून. त्याला धरल्यावर हाताला झिणझिण्या आल्या की बाबा आतून ओरडायचे, "चप्पल घाल ना वं!" आमच्याकडे अर्थिंगचं सगळं काम रबरी चपलेकडे होतं. पाहुण्यांनाही कूलरला आधी उलटा हात लावून बघायला शिकवलेलं असे.

आई मात्र पाणी भरायच्या आधी बटण बंद करायची, पिन काढायची, मगच पाइप सोडायची. तेवढ्या वेळात घर तापायचं आणि बाबांचं डोकंही. "किती भित्री आहेस वं तू," ते म्हणायचे. आयुष्यभर कचेरीत कारकुनी केलेल्या बाबांना विजेतलं सगळं कळायचं. त्यांनी एकदा फ्यूजची तार बदलली होती आणि ते आम्ही विसरू नये याची ते काळजी घेत.

मागच्या उन्हाळ्यात मी इलेक्ट्रिक गाडी घेतली. घरी वेगळा पॉइंट बसवेपर्यंत चार्जिंग करू नका, असं शोरूममध्ये बजावलं होतं. बाबांना कुठला दम!

"कूलरचा पॉइंट आहे ना, जाड पिनचा. त्याच्यावर कूलर चालते त गाडी काहून नाही चालत?"

चार्जर लावला. लाल दिवा. बाबांनी पिन काढली, फुंकली, पुन्हा लावली. तरी लालच. मी माहितीपुस्तक चाळून सांगितलं की पॉइंटला अर्थिंग नाही, म्हणून चार्जर वीज घेतच नाहीये.

"माझ्या घराले अर्थिंग नाही? हे घर मी बांधलं!" मग गाडीकडे बघून म्हणाले, "हे बी तुझ्या मायसारखी भित्रीच निघाली."

कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारचे काका सगळं बघत होते. "सोपं आहे भाऊ," ते म्हणाले. "पॉइंटच्या आतून एक छोटी वायर टाका, न्यूट्रल अन् अर्थ जोडून द्या. चार्जरले वाटते अर्थिंग आहे. माझ्या साळ्यानं तेच केलं."

चार्जरला फसवायचं म्हटल्यावर बाबांचा चेहरा खुलला. ते पॉइंट उघडायला पेचकस घेऊन आले. मी खरंच चिडले. "बाबा, उद्या न्यूट्रलची तार कुठं तुटली तर गाडीच्या पत्र्यातच करंट उतरेल!"

"तू चूप राह्य वं. काही होत नाही."

तेवढ्यात आई धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आली. तिची कपडे वाळत घालायची दोरी गाडीच्या अगदी वरून जाते. तिनं आमचं बोलणं ऐकलं होतं. बादली खाली ठेवली आणि अनवाणी, ओल्या पायांनी जाऊन तिनं बॉनेटवर हात ठेवला.

"जोडा वायर. मी इथंच उभी राहते."

"बाजूले हो ना!"

"काहून? काही होत नाही म्हणता ना? मले तर रोजच इथं कपडे वाळू घालायचे आहे."

बाबा तिच्या पायांकडे बघत राहिले. "चप्पल तरी घाल," ते सवयीनं म्हणाले. शेजारच्या काकांना एकदम घरात काम आठवलं. बाबांनी पेचकस खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी वायरिंगवाल्याला बोलावलं. त्यानं पॉइंट उघडला. वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची तारच नव्हती. घर बांधल्यापासून ते भोक नुसतं शोभेला होतं. बाबांनी आत दोनदा डोकावून बघितलं. पपईच्या झाडाजवळ खड्डा खणून अर्थिंग केलं, गाडीसाठी वेगळा पॉइंट बसवला, कूलरच्या पॉइंटलाही तार जोडली. चार्जरवर हिरवा दिवा लागला.

संध्याकाळी कूलर भरायला आई उठली, तर बाबा म्हणाले, "बस तू." त्यांनी बटण बंद केलं, पिन काढली, चपला घातल्या आणि पाइप हातात घेतला.

"बाबा, आता अर्थिंग झालंय," मी म्हटलं. "करंट येत नाही."

"माहीत आहे मले."

आई खिडकीतून हसली. "किती भित्रे आहात हो तुम्ही!"

बाबांनी पाइप टाकीत सोडला. "पह्यलेपासूनच भ्याले पाहिजे होतं," ते म्हणाले. "तुले काही झालं असतं त?"