गरारीवरचे तीन ठिपके

ज्या फडक्याने मिस्त्री इंजिनाचं तेल टिपतो, त्याच फडक्याने चष्मा पुसतो, आणि दुपारी डब्याचं झाकणही. हात धुतो ते रॉकेलने. कोपऱ्यात तंबाखू थुंकायचा पत्र्याचा डबा आहे, तो काठोकाठ भरला तरी त्याला ओतून टाकवत नाही. तीस वर्षं हा माणूस याच खोलीत जुन्या मोटरसायकली उघडतोय. बायको वारली त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्याने शटर वर केलं होतं, असं आमचे हे कौतुकाने सांगतात. मला त्याचीसुद्धा शिसारीच येते.

तरी गेले, ते लेकीच्या नडगीसाठी. ह्यांची जुनी गाडी आता ती चालवते. किक अर्ध्यात सटकते आणि दांडा उलटा येऊन पायावर बसतो. नडगीवर जांभळ्यावर हिरवं, हिरव्यावर पुन्हा जांभळं. "अगं आई, एवढंसं तर लागलंय." आज एवढंसं, उद्या हाड मोडेल. सोमवारपासून तिची पहाटेची पाळी, रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

"क्लच सटकतोय, वहिनी," मिस्त्री म्हणाला. "या गाडीत किकचा जोर क्लचमधूनच इंजिनाला जातो. प्लेटा बदलू."

क्लचचं झाकण उघडलं. काळं तेल त्याने बोटावर घेतलं, हुंगलं आणि चक्क जिभेला लावलं.

"जळालंय."

"चाखून कळतं?"

"तुम्ही भाजीचं मीठ बघता की नाही?"

"भाजी मी गटारातून काढत नाही, मिस्त्री."

लेक खो खो हसली. तो हसला तेव्हा त्याचे दात दिसले. न दिसते तर बरं झालं असतं.

नव्या प्लेटा बसल्या. त्याने किक मारली. पुन्हा सटकली, आणि दांडा त्याच्याच नडगीवर आदळला. शिव्या गिळत त्याने किकची बाजू खोलली आणि एक छोटी गरारी, म्हणजे दातेरी चाक, बाहेर काढली. तिचे दात म्हाताऱ्या हिरड्यांसारखे गुळगुळीत.

"कानस मारलीय!" तो ओरडला. "कोण हा गाढव? दातांना वरवरच पाणी दिलेलं असतं. घासलं की कडक थर जातो, आतलं मऊ लोखंड उरतं. धार आल्यासारखी वाटते, पण पुढे झिजतच जातं. असल्या माणसाच्या हातात पाना देऊ नये!"

फडक्याने गरारी पुसता पुसता तो थांबला. कडेला पंचने ठोकलेले तीन ठिपके होते. स्वतः हात लावलेल्या प्रत्येक भागावर तो तीन ठिपके ठोकतो, कोणी अदलाबदल करू नये म्हणून. त्याच्या फळीवरचं निम्मं सामान ठिपक्यांचं आहे.

"काका, हे तर तुमचेच," लेक म्हणाली.

त्याने ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "साहेबांना तेव्हा दुसऱ्या दिवशी बाहेरगावी जायचं होतं. नवी मिळायला आठवडा लागला असता. म्हटलं, तात्पुरतं करून देऊ."

"मग नंतर का नाही बदललीत?" मी विचारलं.

"चालत होती ना, वहिनी."

इतकी वर्षं टिकून ते 'तात्पुरतं' आता माझ्या पोरीच्या पायाशी येऊन बसलं होतं.

"सध्यापुरती तीच बसवा की," लेक म्हणाली. "सोमवारी कामाला जायचंय मला."

"बसने जा. नवी येईपर्यंत गाडी इथून हलणार नाही." त्याने गरारीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि ती त्या थुंकीच्या डब्यात टाकली. डुबुक. "आता मोह झाला तरी हात घालणार नाही."

मी तोंड फिरवलं. पण त्या डब्याचं एवढं एक काम मला पटलं.

घरी आल्यावर ह्यांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "गाडी ठेवून कशाला आलात? दोन-चार किकांत चालू होत होती ना?"

दिवसभरातली सगळ्यात मोठी किळस मला तेव्हा आली.