पाठमोरी रांग

देवाने माणसाला चेहरा पुढे दिला आणि पाठ मागे दिली. चेहरा आपण रोज आरशात न्याहाळतो, त्याला पावडर लावतो, प्रसंगी खोटे बोलायलाही शिकवतो. पाठीआड काय चालले आहे ते एक तोच जाणे. रांगेतले सारे जिला काकी म्हणत, तिची उभी हयात नाचण्यात गेली. पण तिच्या कलेतला सर्वांत गोड भाग प्रेक्षकांकडे पाठ करून चाले, आणि तो पाहणारा एक परमेश्वर होता. दुसरा उंट.

उंट म्हणजे रांगेत तिच्या डाव्या हाताला उभा राहणारा नर्तक. मान लांब, पाय त्याहून लांब, आणि जिभेला हाड नाही.

ज्या नाटकात ही दोघे वर्षानुवर्षे नाचली, ते नर्तकांच्या निवडीचेच होते. रिकामा रंगमंच, जमिनीवर पांढरी रेघ, रेघेवर उमेदवारांची रांग. समोरच्या अंधारातून निवड करणाऱ्याचा आवाज येई, "कोण तुम्ही? का नाचता?" मग एकेकाने पुढे यायचे, नाचायचे, पोटातले ओठांवर आणायचे, तोवर इतरांनी प्रेक्षकांकडे पाठ फिरवून दगडासारखे उभे राहायचे. काकीच्या वाट्याला एकही भाषण नव्हते. पण भक्त जसा नामात विरतो, तशी ती दुसऱ्यांच्या भाषणांत विरे. पाठमोरी उभी राहून प्रत्येकाचे शब्द ती मुक्या ओठांनी म्हणे. त्यांचा विनोद तिच्या डोळ्यांत हसे, त्यांचे दुःख तिच्या डोळ्यांत दाटे. पाठ मात्र अढळ! उंट दातांतल्या दातांत पुटपुटे, "काकी, भिंतीला रडवताय. रंग निघेल तिचा."

या नाटकाचा चित्रपट करायचे ठरले आणि साऱ्या रांगेला चाचणीसाठी स्टुडिओत बोलावणे आले. संध्याकाळपर्यंत निम्म्यांना नारळ मिळणार, हे सर्वांना ठाऊक होते. नाटकाचे प्रयोगही आता थांबणार होते. म्हणजे इथून सुटली की काकीची रांग कायमची सुटली. रंगमंचावर जी सुरकुती दिसत नाही ती पडद्यावर पायवाटेएवढी होते, हे तिला कुणी सांगायला नको होते.

सकाळी निघताना सासूबाई दारात आल्या.

"नाही घेतलं तर त्यांचं नशीब फुटकं. पण तू आधीच हरल्यासारखी चालू नकोस."

"आई, तुम्ही माझा एक तरी प्रयोग नीट पाहिलात का?"

"पाहिला की! पाठीवरून ओळखलं तुला. इतकी ताठ पाठ घरात कधी दिसली नाही, म्हणून जरा वेळ लागला."

स्टुडिओ म्हणजे उंच पत्र्याखालची जुनी वखार. तिथे पांढरी रेघ आखली होती आणि दिग्दर्शक डोके धरून बसला होता. सकाळपासून त्याचे गाडे अडले होते. नाटकात अंधारातून आवाज आला की अंगावर काटा येई. पडद्यावर अंधार नुसता काळा दिसे. रांगेतली सर्वांत लहान मुलगी, जिला सारे चिमणी म्हणत, पुढे येऊन बोलली. तिच्या भूमिकेतल्या मुलीचे वडील कापडाच्या दुकानात ताग्यांच्या मधल्या जागेत शिट्टी वाजवून तिला नाचवीत, त्याची ती कहाणी. शब्द सारे होते, अश्रूही होते, पण दूध तापूनही साय धरेना.

वैतागलेल्या दिग्दर्शकाने मागचे दिवे कसे दिसतात ते पाहावे म्हणून कॅमेरा उचलून रांगेच्या पलीकडे, भिंतीशी नेला. चिमणी पुन्हा बोलू लागली. दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहत होता. एकाएकी तो ओरडला, "थांबा! काकी, हे काय चाललंय?"

काकीच्या पायांखालची जमीन सरकली. रांगेत हलायचे नाही, हा पहिला नियम. आणि आजच चोरी पकडली गेली.

"ओठच हलले, साहेब. आवाज नाही केला."

"पाठ शिस्तीत होती, साहेब," उंट मध्येच बोलला. "गुन्हा फक्त तोंडाचा आहे."

"रोज करता हे? कुणाला दिसत नसताना?"

"दाखवायला कुठं करते?" काकी खाली पाहत म्हणाली. "पोरगी एकटी पुढं जाते. मागून कुणीतरी सोबत नको का?"

मग दिग्दर्शक लहान मुलासारखा टाळ्या पिटत उठला. "कॅमेरा इथंच राहील! पुन्हा!"

पण माया पाहिली जाते असे कळले की ती लाजते. आता काकीला कॅमेरा दिसत होता. तिच्या भुवया उंचावल्या, ओठ वाकले, प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेला कळावे असे दुःख तिने चेहऱ्यावर मांडले.

"ही मघाची काकी नाही," दिग्दर्शक कळवळला. "परत."

परत केले. परत बिघडले. उंट कुजबुजला, "काकी, दाढ दुखतेय असं वाटतंय." काकीला हसूही येईना. दार उघडून देवाने उंबऱ्यावर अडवावे, तसे झाले होते.

अखेरचा प्रयत्न म्हणून चिमणी पुढे गेली. तीही थकली होती. "बाबा शिट्टी वाजवायचे..." इथवर आली आणि पुढचे शब्दच हरवले. ती उभी राहिली. काकी मागून मुक्या ओठांनी शब्द पुरवीत होती. पण पाठमोऱ्या माणसाचे ओठ पुढच्याला कसे दिसणार? काकी कॅमेरा विसरली, सुरकुत्या विसरली, निवड विसरली. तिने ओठांचा चंबू केला आणि या कहाणीमागे वाद्यवृंदाने इतकी वर्षे वाजवलेली ती सुरांची ओळ सरळ शिट्टीवर घेतली.

चिमणी दचकली. मग तिच्या मुद्रेवर पहाट झाली. ती बोललीच नाही. शिट्टीच्या ठेक्यावर नाचू लागली. उंटाने शिट्टी मिसळली, थोडी बेसूर. मग शेजारच्याने, मग त्याच्या पलीकडच्या मुलीने, आणि पाहता पाहता सारी पाठमोरी रांग, अंग न हलवता, गाल फुगवून शिट्टी वाजवू लागली. वखारीचा पत्रा निनादला.

दिग्दर्शकाने थांबा म्हटलेच नाही. सारे आपोआप थांबले, तेव्हा तो डोळे पुशीत होता.

"चित्रपट भिंतीकडूनच करायचा. सगळी रांग हवी. एकही माणूस कमी नको."

"आणि मी?" काकीने विचारले.

"तुम्हीच नसाल तर कॅमेऱ्याला भिंतीशी उभं करून मी पाहू काय?"

उंटाने तिला उचलूनच घेतले. "खाली ठेव मेल्या, गुडघा!" म्हणत तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि जमिनीला पाय लागताच तिथेच गिरकी घेतली.

मग कोपऱ्यात जाऊन तिने घरी फोन लावला.

"घेतलं का?" सासूबाईंनी विचारले.

"घेतलं."

"मग रडतेस कशाला?"

"हसतेय, आई."

"मग जरा मोठ्यानं हस. इथं शेजारीण कान लावून बसलीय."