किल्ली खिळ्यावरच आहे

आमच्या स्वयंपाकघरात दाराजवळच्या खिळ्याला एक पितळी किल्ली लटकतेय. तिच्यासाठी वीज कंपनीचे मोठे साहेब स्वतः आमचे तीन जिने चढून आले होते. धापा टाकत. बरं झालं!

आमचे हे त्या कंपनीच्या कोळशावरच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं फिटर होते. पाइपाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचे, मूठ कानाशी धरायचे आणि आतलं दुखणं अचूक सांगायचे. म्हणून सगळे यांना डॉक्टर म्हणत. घरात तीन हाका मारल्या तरी ऐकू यायचं नाही, ते सोडा.

केंद्र पार म्हातारं झालं होतं. धुरानं पोरांचा खोकला हटेना, म्हणून लोक फाटकाबाहेर बसायचे, बंद करा म्हणायचे. त्यांचं काय चुकलं? माझे दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत काळे व्हायचे. कंपनी म्हणायची, दोन वर्षांत बंद करतो. नऊ वर्षं झाली, ती दोन वर्षं काही संपेनात. बरं, चालवताय तर दुरुस्ती तरी करा! तर म्हणे, बंदच व्हायचंय, आता कशाला? बाहेर एक बोलायचं, आत एक. निर्लज्ज मेले!

वाफेच्या मोठ्या पाइपाचं एक वळण झिजून पातळ झालं होतं. यांनी तीनदा लिहून दिलं. नवा तुकडा गोदामात धूळ खात पडलेला, पण बसवायला कोणी तयार नाही. त्या वळणाखाली दर पाळीला सहा माणसं काम करायची. त्यातला एक माझा धाकटा भाऊ, ठेक्यावरचा. ‘‘फुटलं तर पळायलाही वेळ मिळत नाही,’’ हे जेवताना म्हणाले.

यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्या पाइपावर चालणारा वीजसंच सफाईसाठी थांबवला होता. यांनी वाफेच्या मुख्य झडपेला आपलं कुलूप घातलं, स्वतःच्या नावाची लाल पाटी अडकवली, निरोपाची भाषणं ऐकली आणि किल्ली खिशात घालून घरी आले. तिथला नियमच आहे, ज्यानं कुलूप लावलं त्यानंच काढायचं. आतल्या माणसावर कोणी चुकून वाफ सोडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब हजर.

‘‘डॉक्टर, किल्ली चुकून घरी आणलीत वाटतं.’’

‘‘चुकून नाही. वळण बदला, मी येऊन कुलूप काढतो.’’

‘‘अहो, केंद्र बंदच होणार आहे!’’

‘‘मग करा की. आजच करा.’’

‘‘कुलूप तोडताही येतं आम्हाला.’’

‘‘तोडा. फक्त रजिस्टरमध्ये सही करा, की मी स्वतः पाहिलंय, पाइपाखाली उभं राहायला धोका नाही.’’

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मला राहवेना.

‘‘करा ना सही! आणि पहिल्या पाळीला तुम्हीच उभे राहा तिथे. माझ्या भावाला तेवढीच सुट्टी.’’

‘‘अगं...’’ हे म्हणाले.

‘‘अगं काय अगं? घरी यायला जीव आहे साहेबांच्यात, सही करायला नाही!’’

साहेब चहा तसाच टाकून गेले. सही कोणीच केली नाही. मोठ्या साहेबानं धाकट्या साहेबाकडे बोट दाखवलं, त्यानं त्याच्या खालच्याकडे. अकरा दिवस संच थंड. बाराव्या दिवशी पेपरात साहेबांचा फोटो, हातात रोपटं! म्हणे, नागरिकांच्या आरोग्यासाठी कंपनीनं संच मुदतीआधीच कायमचा बंद केला. मी तो पेपर टराटरा फाडला.

ठेक्यावरच्या माणसांना त्याच दिवशी घरी बसवलं. एका शब्दानं आधी सांगितलं नाही. भाऊ आला तो उंबऱ्यातच उभा राहिला. ‘‘ताई, दाजींनी माझं काम घालवलं. मला विचारलं होतं का एकदा तरी?’’

यांनी खरंच विचारलं नव्हतं. नवा तुकडा बसवला असता तर हा प्रश्नच आला नसता, पण तो का नाही बसवला, हे विचारायला या ठेक्यावरच्याला साहेबांच्या दारात कोण उभं करणार? माझा भाऊ पाणीसुद्धा न घेता गेला.

तेव्हापासून तो आमच्याशी बोलत नाही. मी रोज फोन करते. तो उचलतो, माझा आवाज ऐकतो आणि ठेवून देतो. ठेव बाबा. उचलतोस ना, तेवढं पुरे.