बॉयलरला वाहून घेतलेला माणूस

धुलाईच्या कारखान्यात त्यांना सगळे बॉयलरमामा म्हणायचे. त्यांची बायको तिथेच हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची, म्हणून ती आपोआप मामी झाली. भाचा म्हणावा असा तिथे एकही नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

मिसरूड फुटायच्या आधीपासून मामा त्या बॉयलरपाशी होते. कुणी पाहुणा आला की मालक त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "या माणसाने बॉयलरला वाहून घेतलंय." ते ऐकून मामीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पुढे पुढे तिला त्या शब्दाचा राग यायला लागला. एखाद्याने वाहून घेतलंय असं एकदा ठरलं, की त्याला रजा द्यायचं कुणाला सुचत नाही आणि त्याच्या बायकोला कुणी काही विचारत नाही. मुलगी झाली तेव्हा मामा बॉयलरपाशी होते, सासू गेली तेव्हाही तिथेच.

मामा वाफेच्या दाबाच्या काट्याकडे बघत नसत. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर काजळी चढली होती, तीही पुसत नसत. पाणी भरणाऱ्या पंपाची टकटक, वाफेचा सुस्कारा, सगळं कानावर. "काटा बघूनच चालवायचा, तर मी कशाला हवा?" असं त्यांचं म्हणणं. पाणी कमी झालं की बॉयलर आपोआप बंद करणारं यंत्र बसवू, असं मालक एकदा म्हणाला, तर मामांनी अन्नाला हात लावला नाही. मालकाने नाद सोडला.

आणि त्याच बॉयलरच्या धडधडीने मामांचे कान खाल्ले.

हे आधी कळलं मामीला. घरी दारावरची बेल वाजत राहायची आणि मामा शेजारी बसून शांतपणे पेपर वाचायचे. कारखान्यात त्यांना कुणी काही विचारलं की ती मध्येच तोंड घालून उत्तर द्यायची. लोक हसायचे, "मामी मामांना बोलूच देत नाही हो." ती पण हसायची. बॉयलर काढून घेतला तर या माणसाचं उरतं काय, म्हणून ती हे कुणाला कळू देत नव्हती. पण बॉयलरच्या भिंतीला लागूनच त्यांची मुलगी दिवसभर चादरींच्या घड्या घालायची. तिच्याकडे नजर गेली की आता सांगून टाकावं असं वाटायचं.

एका दुपारी पंपाची टकटक थांबली. मामी इस्त्री हातात धरून थांबली. पंप पुन्हा सुरू होईल म्हणून तिने वाट पाहिली. तो झाला नाही. बर्नर मात्र पलीकडे घोंघावतच होता.

ती आत गेली. मामा स्टुलावर बसून गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होते. "ऐक," ते म्हणाले, "आज कसा सुरात चाललाय."

तिने फडक्याने नळी पुसली. आत पाणी नव्हतं. तिने बर्नरच्या बटणाकडे हात नेला, तसा मामांनी तिचा हात धरला. त्यांच्या बॉयलरला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना कधीच खपला नव्हता. त्यांना वाहून घ्यायचं होतं तर खुशाल घ्यायचं होतं, तिला वाटलं. पण यांनी पोरीलाही वाहिलं, घड्या घालणाऱ्या सगळ्या बायकांना वाहिलं, कुणाला न विचारता. आणि आपण त्यांना साथ दिली. तिने मालकाला हाक मारली.

मालक दारात आला. मामांच्या समोरच ती म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही. कधीचंच येत नाही. पंप बंद पडलाय."

मामांनी हसून मान डोलावली. बायको नेहमीप्रमाणे आपल्या वतीने उत्तर देतेय, असंच त्यांना वाटलं.

मालकाने नळी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने बर्नर बंद केला. काहीतरी बिनसलंय एवढं मामांना कळलं, ते पाण्याची चावी सोडायला धावले. तापून लाल झालेल्या पत्र्यावर आता पाणी पडलं असतं तर भिंतीसकट सगळे गेले असते. मालकाने त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं.

सगळे रस्त्यावर उभे राहिले. बॉयलर निवेपर्यंत आत कुणी जायचं नव्हतं, आणि तो नुसता निवेल की फुटेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. मुलगी आईचा हात धरून होती. मामा पुढे आले आणि त्यांनी मामीला विचारलं, "तू काय सांगितलंस त्याला?"

तेवढ्यात आत लोखंड करकरलं, बराच वेळ आणि जोरात. मालकासकट सगळे झटकन मागे सरले. मुलीने आईलाही ओढून नेलं.

मामा तिथेच उभे होते, उत्तराची वाट बघत. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पुढे आपण एकटेच उरलोय हे त्यांना दिसलं, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.