गाडीला चाललेलं पाणी

एकोणीसशे साठच्या सुमारास, ऐन उन्हाळ्यात, पांढरकवड्याला जाताना वडिलांच्या जुन्या मोटारीतलं पाणी उकळून गाडी बंद पडली. झऱ्यावरून तांड्याकडे निघालेल्या दोन बंजारा बाया थांबल्या. इंजिन निवल्यावर त्यांनी आपणहून एक अख्खी घागर गाडीत ओतली. दुसऱ्या घागरीतलं लोटाभर पाणी एकीने आईपुढे धरलं.

"पेऊन घ्या बाई, तोंड सुकून गेलं तुमचं."

"तहान नाही," आई कोरड्या ओठांनी म्हणाली.

"झऱ्याचं हाय, साफ हाय," ती हळूच म्हणाली. मग तिला कळलं. तिने लोटा मागे घेतला.

शरमेने माझी मान वर होईना. गाडी सुरू झाली, तेव्हा दुसरी बाई रिकामी घागर घेऊन पुन्हा झऱ्याकडे वळली होती.