बुधूच्या उशाचा दिवा

टोकावड्याची चंदा दिव्याच्या बाबतीत फार कडक. तिन्हीसांजेला तिच्या घरात दिवा लागला नाही असं कधी झालं नव्हतं, आणि शेजारणीच्या घरात उशीर झाला तर ती कुंपणावरून ओरडायची, "काय गो, आज अवस हाय का घरात?" लोक हसायचे. चंदाला त्याचं काही नव्हतं. बाकी कामात थोडं इकडेतिकडे चालतं, दिव्यात चालत नाही, असं तिचं म्हणणं.

अशा बाईला नोकरी लागावी कुठे, तर अंधाऱ्या खोलीत! मुरबाडच्या रस्त्याला कॅन्सरवर संशोधन करणारी एक छोटी प्रयोगशाळा आहे. तिथे झाडलोट आणि काचसामान धुण्याचं काम तिला मिळालं. आत एक बिनखिडकीची खोली होती. तिथली संशोधक नम्रता दिवसभर तिथे सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायची. "मावशी, या खोलीत मी सांगितल्याशिवाय लाइट लावायचा नाही," एवढंच तिने पहिल्या दिवशी बजावलं. का, ते सांगायचं राहून गेलं. शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं, आपल्याला ठाऊक ते सगळ्या जगाला ठाऊक असं धरून चालतात. चंदाने मनाशी ठरवलं, लाइटबिल वाचवत असतील.

वैशाखरे गावाच्या वर डोंगरात ठाकरवाडी आहे. तिथला बुधू करवंदं, रानभाज्या घेऊन टोकावड्याला यायचा आणि चंदाच्या ओट्यावर चहा घेतल्याशिवाय परत फिरायचा नाही. चंदाला सख्खा भाऊ नव्हता. भाऊबीजेला ती ओवाळायची ते बुधूलाच. यंदा आला तो वाटेत बसत बसत आला. अंगाची काडी झालेली, आणि पोट डावीकडून टरारून फुगलेलं. "काय गोड लागत नाय गो, चंदाबाय," म्हणाला आणि चहाही तसाच ठेवला.

चंदानेच त्याला दवाखान्यात नेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या निघाल्या. मग कमरेच्या हाडात सुई घालून आतली मज्जा काढली आणि ती तपासायला आली चंदाच्याच प्रयोगशाळेत. बुधूने दात आवळून सोसलं खरं, पण उठता उठता सांगून टाकलं, "ह्ये यकदाच. परत सुई दाखवलीत तं डोंगरात निघून जाईन, सापडनार नाय."

"ताई, बुधूचं काय बघनार तुमी?" चंदाने विचारलं.

नम्रताने हातातलं काम ठेवलं. "दोन जनुकं असतात, मावशी. एरवी ती आपापल्या जागी, एकमेकांपासून लांब राहतात. एका आजारात ती तुटतात आणि एकमेकांना चिकटतात. आम्ही त्यांच्यावर चमकणारा रंग बसवतो, एकावर लाल, एकावर हिरवा. लांब असतील तर दोन रंग वेगळे दिसतात. चिकटली असतील तर दोन्ही मिसळून पिवळा ठिपका दिसतो."

"म्हंजे हळद लागली म्हना."

नम्रता हसली. "लागलेली असली तर बरंच. त्या जोडीवर गोळी आहे. रोज घेतली तर माणूस वर्षानुवर्षं कामधंदा करत जगतो. पिवळं नाही दिसलं तर आजार दुसराच कुठलातरी, आणि मग अवघड आहे."

त्या दिवसापासून चंदाने देवाकडे एकच मागणं धरलं, पिवळं दिसू दे.

बुधूची मज्जा पसरलेल्या काचा रंगवून झाल्या त्या संध्याकाळी नम्रताला घरून फोन आला. मुलगी तापाने फणफणली होती. काचा ट्रेमध्ये वाळत ठेवून ती धावतपळत निघाली. "मावशी, बुधूच्या काचा आहेत, धक्का लावू नका हं," एवढं म्हणाली. चंदाने धक्का लावला नाही. निघताना फक्त दार लोटून आत पाहिलं. बाहेर तिन्हीसांज झालेली, आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात बुधू एकटा पडलाय असं तिला वाटलं. आजारी माणसाच्या उशाचा दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही, ही तिच्या आईची शिकवण. बिल गेलं खड्ड्यात! तिने बटण दाबलं. दोन्ही ट्यूब लखलखल्या. चंदाने हात जोडले आणि समाधानाने एसटी पकडली.

सकाळी नम्रता सूक्ष्मदर्शकावरून उठली ती पांढरीफटक होऊन. "काहीच दिसत नाहीये. मावशी, लाइट कुणी लावला? हा रंग उजेडात मरतो हो!"

मज्जा थेंबभरच मिळाली होती, ती सगळी त्या काचांवर गेली होती. "मीच लावला ताई," चंदा म्हणाली. "चूक माझी पण आहे," नम्रता म्हणाली. "काळ्या पेटीत घालून जायला हवं होतं मी." पण चंदाला काही ऐकूच येत नव्हतं. आपल्या हाताने भावाचं वाटोळं केलं, एवढंच तिला कळत होतं.

दुपारीच ती वाडीवर गेली. बुधूच्या बायकोने, जनाने, काचा वाया गेल्या, परत सुई लागणार, एवढं ऐकलं आणि ती भडकली. "हाड पोखरलंत मानसाचं, आन वाया घालवलंत? आता परत सुई? आमी काय मुकी जनावरं हाव?"

"वाया मीच घालवलं गो जना," चंदा म्हणाली. "तिन्हीसांजेला बुधू काळोखात पडलाय असं वाटलं मला. मी लाइट लावला त्याच्यासाठी."

जनाने मागे वळून झोपडीत पाहिलं. चंदानेही पाहिलं. भर दुपारी, अंथरुणावर पडलेल्या बुधूच्या उशाशी पणती जळत होती.

"मी बी त्येच केलं असतं," जना हळूच म्हणाली.

बुधू कोपरावर रेलून उठला. "येड्ये," तो म्हणाला, "काठी दे माझी."

दुसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा त्याने चंदाचा हात धरला होता. तिच्या बांगड्या पिचल्या, पण तो ओरडला नाही.

पुन्हा काचा रंगल्या, तेव्हा चंदा घरी गेलीच नाही. अंधाऱ्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसली. तिन्हीसांज झाली. वॉचमन साईनाथ पॅसेजमधला दिवा लावायला आला, तशी ती वाघिणीसारखी उठली. "हात लावून बघ रे बटनाला!" तो बिचारा आल्या पावली परत गेला.

काळोख दाटला. दार किलकिलं झालं. नम्रताचा आवाज आला, "मावशी, पिवळे आहेत. खूप आहेत."

चंदाने पदर तोंडात कोंबला आणि ती हमसून हमसून रडली. मग तिथेच अंधारात बसून तिने फोन लावला.

"जना, हळद लागलीय गो. गोळी हाय त्याच्यावर. बुधू जगनार."

पलीकडून हुंदका आला. मग जनाने विचारलं, "चंदाबाय, तिकडं दिवा लावलास ना त्याच्यासाठी?"

"नाय गो," चंदा म्हणाली. "आज मी काळोख राखला."