गौतमकाकांचं टेस्टिंग

“बंद कर ते,” मोठे बाबा म्हणाले.

मी आवाज वाढवला.

दारात तिरडी होती. तिरडीवर गौतमकाका होते. समोर त्यांचाच टेम्पो, त्यात त्यांचेच साउंड बॉक्स. त्यातून त्यांचंच गाणं.

“मयतात इंग्रजी गाणे वाजोतेत काय बे? सोयरे आयकून राह्यले. बुद्धवंदना झाली, आता शांततेत नेऊ त्याले.”

“काकांनी सांगितलं होतं, मोठे बाबा.”

“तो काय, कायबी सांगे.”

काकांची मुलगी समीक्षा तिरडीजवळून उठली. रडून तिचा आवाज बसला होता.

“मले सांगितलं त्यायनं. दवाखान्यात, हात धरून. ‘मले नेशीन तं माह्यं टेस्टिंग लावजो.’ दुसरं काहीच मागितलं नाही.”

मोठे बाबा काकांचे थोरले भाऊ. त्यांच्यापुढे आमच्या घरात कोणी बोलत नाही. ते टेम्पोजवळ आले आणि त्यांनी वायर ओढली.

गाणं मध्येच तुटलं.

जे आमच्या चिखलीजवळच्या उंद्रीचे नाहीत त्यांना हे सांगावं लागेल.

काकांचा साउंड सर्व्हिसचा धंदा. लग्न, जयंती, गणपती, प्रचारसभा, शाळेचं गॅदरिंग. मांडव कोणाचाही असो, बॉक्स लागले की टेस्टिंगला काका एकच गाणं लावायचे. एक रॉक साँग. माझ्या जन्माच्या आधीपासून तेच.

ते त्यांना लोणारला मिळालं. सरोवर बघायला आलेल्या एका गोऱ्या पोराच्या वॉकमनचे सेल संपले होते. काकांनी आपल्या टॉर्चमधले काढून दिले. त्यानं कॅसेट दिली. कव्हर त्याच्याकडेच राहिलं.

काका सांगायचे, “पाय, आधी एकटी गिटार येते. वरचे आवाज समजतात. मंग ड्रम येते, बेस समजतो. मंग तो मानूस वरडतो. तवा मधला आवाज समजतो. एका गाण्यात समदं साउंड तपासून होते.”

मागे अ‍ॅपवर मी त्या गाण्याचं नाव शोधलं. बँडचंही. मोठ्या उत्साहानं सांगायला गेलो.

“राहू दे बे. मले काय सोयरीक करायची हाय त्याच्याशी?”

भोंगे गेले, बॉक्स आले. कॅसेट गेली, सीडी आली, तीही गेली. पेन ड्राइव्ह आला. चिखलीत डीजे आले, लायटिंगवाले, धूरवाले.

तिथली पोरं हसायची. “काका, काऊन हे म्हाताऱ्याइचं गाणं लावता?”

“अबे, म्हातारे तं तुमी व्हान. हे नाही होत.”

पुण्यातल्या माझ्या मित्रांना वाटतं, हे संगीत त्यांचं आहे. त्यांच्या टी-शर्टांचं, त्यांच्या कॅफेंचं. शिवाय ते आता जुनं झालं, असंही तेच ठरवतात.

उंद्रीत कोणाला त्यातला एक शब्द कळत नव्हता.

तो माणूस कशासाठी ओरडतोय, कोणावर ओरडतोय, माहीत नव्हतं. तो मागे हटत नाहीये, एवढं कळत होतं. तेवढं पुरलं. ज्यांच्या मांडवात काका ते लावायचे, त्यांतल्या बऱ्याच जणांना आवाज चढवून बोलायची मुभा नव्हती. ते नुसते उभे राहून ऐकायचे.

हे जुनं होणार नाही. मला कोणी समजावायला येऊ नका.

तर, वायर निघाली होती.

आणि गल्लीच्या टोकाकडून कौसाबाई आली. झपझप. हाताला शेतातली माती. ती गावाच्या पार दुसऱ्या बाजूला राहते. काका सकाळीच चिखलीच्या दवाखान्यात वारले, हे तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

ती हसत होती.

“आला का गौतम? गिटार आयकली म्या. म्हटलं, सुटला वाट्टे दवाखान्यातून. बरा हाय ना आता?”

तिच्यामागे आणखी दोघंतिघं. तेही तेच समजून आलेले. मारुतीच्या पाराकडून एक जण सायकल हातात धरून पळत येत होता.

इतकी वर्षं गावात गिटार वाजली म्हणजे काका आले होते.

मग कौसाबाईला तिरडी दिसली. ती होती तिथेच खाली बसली.

मोठे बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या हातात वायर तशीच होती.

“हाव,” ते म्हणाले. “आला.”

मग त्यांनी वायर पुन्हा जोडायचा प्रयत्न केला. पिन जागेवर बसेना. समीक्षानं ती घेतली आणि जोडली.

“पयल्यापासून लाव,” मोठे बाबा म्हणाले. “अर्धं टेस्टिंग त्यानं कधीच केलं नाही.”

मागून मेहकरच्या एका पाहुण्यानं मोठ्यानं विचारलं, हे काय चाललंय.

मोठे बाबा वळले नाहीत. “माह्या भावाले घेऊन जाऊन राह्यलो. यायचं तं या.”

पहिल्यांदा एकटी गिटार. मग ड्रम. मग तो माणूस.

स्मशानभूमीपर्यंत आम्ही ते वाजवत नेलं. पूर्ण आवाजात. रस्त्यावरच्या दुकानांतून लोक बाहेर येऊन उभे राहिले. कोणी नाचलं नाही, कोणी व्हिडिओ काढला नाही. कौसाबाई शेवटपर्यंत आमच्याबरोबर चालली.

काका, तुम्ही सांगितलं तेवढं केलं. जय भीम. या आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी गोळा करायला मेहकरचे सोयरे आले नाहीत. ‘असल्या मयताले आमी पुन्हा येत नाही,’ असा निरोप होता. होतो तेवढ्यांनी केलं. मोठे बाबा सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.